विहीर, स्विमिंग पूल आणि मालवण : पाण्याखालच्या फोटोंसाठी वाइड आणि फिशआय लेन्स

पाण्याखालच्या फोटोत सर्वांत मोठा अडथळा पाण्याचाच असतो. पाणी रंग खाते, कडा मऊ करते आणि त्यात तरंगणारा गाळ प्रत्येक फोटोत उतरतो. उपाय एकच आहे. कॅमेरा आणि विषय यांच्यामधले पाणी कमी करायचे, म्हणजेच जवळ जायचे. जवळ गेल्यावर साध्या लेन्समध्ये माशाचे नुसते डोके मावते, पोहणाऱ्याचा नुसता खांदा येतो. वाइड लेन्स लागते ती इथे. जमिनीवर आपण ती जास्त पसारा फ्रेममध्ये घ्यायला लावतो, पाण्यात ती जवळ जाता यावे म्हणून लावायची. हे एवढे मनात पक्के असेल तर लेन्स निवडणे, पोर्ट (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची लेन्ससमोरची काच) निवडणे, प्रकाश लावणे या सगळ्याची उत्तरे आपोआप सुटत जातात.

मी सोलापुरात पोहायला शिकवते. मुलांचा हात पाण्यात कसा शिरतो, पाय कुठे वाकतात, हे त्यांना फोटोत दाखवले की लगेच समजते. तिथूनच पाण्याखालचा कॅमेरा हातात आला. पुढे थंडीत मालवण-तारकर्लीला जाऊन डायव्हिंग सुरू केले. समुद्र आम्हाला जवळ नाही. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत घाट उतरायचा, तेव्हा कुठे खारे वारे लागते. तिथे पोहोचल्यावर पोर्ट चुकीचा निघाला तर सगळा प्रवास पाण्यात. म्हणून माझी निवड आणि चाचणी सगळी घरी, पूलमध्ये आणि विहिरीत होते. खाली लिहिलेली पद्धत समुद्रापासून लांब राहणाऱ्या कोणालाही वापरता येईल.

सपाट काच काय करते

पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३ आहे. सपाट काचेमागून पाण्यात पाहिले की वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. लेन्सच्या बाबतीत याचा अर्थ असा की २८ मिमीची लेन्स सपाट पोर्टमागे साधारण ३७ मिमीसारखी वागते. म्हणजे पैसे मोजून घेतलेला वाइडपणा काचेतच जिरला. शिवाय सपाट काचेतून कितीही वाइड लेन्स लावली तरी साधारण ९७ अंशांपलीकडचे काही दिसूच शकत नाही, आणि त्या मर्यादेच्या जवळ जाताना कडेला रंग फाटतात, रेषा ताणल्या जातात. मॅक्रोसाठी, म्हणजे लहान वस्तूंच्या अगदी जवळून घेतलेल्या फोटोंसाठी, सपाट पोर्ट उत्तम. वाइडसाठी तो घेऊ नका.

गोल काचेचा, म्हणजे डोम पोर्टचा, फायदा असा की लेन्स त्याच्या केंद्राशी नीट बसली तर किरण काचेला जवळजवळ काटकोनात भेटतात आणि लेन्सचा मूळ कोन परत मिळतो. पण डोम एक गोष्ट मागून घेतो, आणि नवीन माणूस गोंधळतो तो इथेच. डोममुळे पाणी आणि हवा यांच्यामधली सीमा वळलेली होते, त्यामुळे डोमच्या समोर एक आभासी प्रतिमा तयार होते आणि कॅमेऱ्याला फोकस त्या प्रतिमेवर करावा लागतो. अगदी लांबच्या वस्तूची प्रतिमासुद्धा डोमच्या पृष्ठभागापासून त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर येते. आठ इंची अर्धगोल डोमची त्रिज्या साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे क्षितिजापर्यंतचे सारे जग ३० सेंटिमीटरच्या आत. चार इंची डोम असेल तर १५ सेंटिमीटरच्या आत. म्हणून लेन्स विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘किती जवळ फोकस होते?’ हा. एफ (ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा, तितके छिद्र लहान) किती, झूम किती, हे नंतर. आणि हे अंतर सेन्सरपासून मोजलेले असते हे विसरू नका.

ती आभासी प्रतिमा सपाटही नसते. वाटीच्या आतल्या बाजूसारखी ती वळलेली असते. मध्यावर फोकस केला की कोपरे फोकसच्या बाहेर जातात. डोम जितका लहान, तितके हे वळण तीव्र.

फिशआय की सरळ रेषांची वाइड

पाण्याखाली पहिली वाइड लेन्स घ्यायची असेल तर मी फिशआय, म्हणजे सुमारे १८० अंशांपर्यंतचे दृश्य घेणारी पण सरळ रेषा वाकवणारी लेन्स, घ्यायला सांगते, आणि हे मत मी ठामपणे मांडते. जमिनीवर फिशआयचे फोटो लवकर कंटाळवाणे होतात, कारण तिथे खांब, भिंती, दारे, तारा सगळे सरळ असते आणि ते वाकलेले डोळ्यांना खुपते. पाण्यात सरळ रेष असते कुठे? खडक वेडेवाकडे, शेवाळ डोलणारे, मासे गोलाकार. फिशआयचा वाक तिथे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यात या लेन्स फार जवळ फोकस होतात, लहान डोममागे छान बसतात आणि कडेचे दृश्य ताणत नाहीत, त्यामुळे कोपऱ्यांचा मऊपणा कमी जाणवतो.

रेक्टिलिनियर, म्हणजे सरळ रेषा सरळ ठेवणारी वाइड, कडेचा भाग ताणून ही किमया साधते. १६ मिमीला फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरवर कर्णाचा कोन सुमारे १०७ अंश मिळतो. पण ताणलेला कोपरा डोमच्या वळणात सापडला की तो पुसट होतो आणि ताणल्यामुळे ते जास्तच दिसते. या लेन्सला मोठा डोम लागतो, एफ ११ च्या पुढे जावे लागते, काही लेन्सना पुढे प्लस नंबरची क्लोज-अप काच लावावी लागते. मग ती घ्यायची कोणी? बुडालेली जहाजे, पोहणाऱ्यांच्या लेन, माणसांचे अंगप्रत्यंग हे ज्यांचे विषय आहेत त्यांनी. मोठे मासे जवळ येत नसतील तेव्हाही थोडा कमी कोन बरा पडतो. मुलांची पोहण्याची ढब तपासायला मी स्वतः रेक्टिलिनियरच वापरते, कारण फिशआयमध्ये पुढे आलेला हात सुपाएवढा आणि चेहरा लिंबाएवढा होतो. त्यावरून कोपर कुठे वाकले याचा निर्णय करता येत नाही.

नावे सांगायची तर फुल फ्रेमहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरसाठी टोकिनाची १०-१७ मिमी फिशआय झूम पाणबुड्या फोटोग्राफरांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. एका टोकाला १८० अंश, दुसऱ्या टोकाला सुमारे १००. जुन्या डीएसएलआरबरोबर सेकंडहँड मिळाली तर सोडू नका. फुल फ्रेमला कॅनन आणि निकॉन दोघांच्याही ८-१५ मिमी फिशआय झूम आहेत, त्या एका टोकाला पूर्ण गोल प्रतिमा देतात. आणखी लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांना पॅनासॉनिकची ८ मिमी एफ ३.५ लहानशी आणि पुरेशी.

ज्यांना एवढा संसार मांडायचा नाही त्यांच्यासाठी वेट लेन्स हा चांगला मार्ग आहे. ही लेन्स हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, बाहेर पाण्यातच लावायची आणि काढायची. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला ती लावली की वाइड, काढली की त्याच डाइव्हमध्ये मॅक्रो. पाण्यासाठीच घडवलेल्या लेन्सची कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये आलेल्या निकोनॉस कॅमेऱ्यासाठी पुढे निकॉनने १५ मिमीची जी लेन्स बनवली तिची पुढची काच थेट पाण्याला टेकत असे आणि तिचे गणितच पाण्याचा अपवर्तनांक धरून मांडलेले होते. आजच्या वेट लेन्सचा विचार त्याच घराण्यातला. एक काळजी मात्र घ्या. पाण्यात उतरल्यावर लेन्स आणि पोर्ट यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे अडकतात. लेन्स क्षणभर सैल करून, तिरकी करून ते बाहेर काढायचे, मगच फोटो काढायला लागायचे.

गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा मुळातच वाइड असतो आणि हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतो. पण त्याची पुढची काच सपाट आहे, म्हणून पाण्यात त्याचा कोनही आवळतो. सुरुवात करायला तो पुरेसा आहे. आधी जवळ जायची सवय लागू द्या, लेन्स पळून जात नाही.

डोम, रिंग आणि पोर्ट चार्ट

खर्चाचा अंदाज लेन्सवरून बांधू नका. हाउसिंग आणि डोम मिळून लेन्सला सहज मागे टाकतात. हाउसिंग बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा पोर्ट चार्ट असतो. अमुक लेन्सला अमुक डोम आणि अमुक मिलिमीटरची एक्सटेन्शन रिंग (डोम पुढे सरकवणारी कडी), असे त्यात स्पष्ट दिलेले असते. तो आधी वाचा, मग लेन्स ठरवा. रिंग कमी पडली तर लेन्स डोमच्या केंद्राच्या पुढे जाते आणि कोपरे बिघडतात. ती जास्त झाली तर डोमची कड किंवा शेड फ्रेममध्ये येते. फिशआयसाठी चार ते सहा इंची डोम, रेक्टिलिनियरसाठी आणि अर्धे पाणी-अर्धे आभाळ अशा फोटोंसाठी आठ इंची.

ॲक्रिलिक की काच? ॲक्रिलिक हलके, स्वस्त, पटकन ओरखडे पडणारे. पण बारीक ओरखडे पॉलिशने काढता येतात आणि पाण्यात ते बरेचसे भरून निघून दिसेनासे होतात. काच टणक, जड, सूर्यासमोर कमी चमक देणारी. मात्र तिच्यावर खोल ओरखडा पडला की तो कायमचा. विहिरीच्या दगडांशी रोजचा संबंध असेल तर ॲक्रिलिक घ्या.

पूलमधल्या टाइल्सवर चाचणी

ही चाचणी करायला एक निवांत सकाळ आणि कॅमेरा धरायला स्थिर हात एवढेच लागते. स्विमिंग पूलच्या भिंतीवरच्या टाइल्स म्हणजे आयता चौकटींचा कागद. आधी हाउसिंग रिकामे बंद करून, आत कोरडा टिश्यू ठेवून, पाण्यात बुडवून ठेवा. टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत जाईल. मग भिंतीपासून साधारण एक मीटरवर, कॅमेरा भिंतीला समांतर धरून, मधल्या टाइलवर फोकस लॉक करा. एफ ४, ५.६, ८, ११, १६ असे ओळीने फोटो घ्या. शटर आणि आयएसओ बदलून उजेड सारखा ठेवा.

घरी मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा मधली टाइल पाहा, नंतर चारही कोपऱ्यांतल्या. टाइल्समधल्या सिमेंटच्या रेषा कुठल्या एफला स्पष्ट होतात ते लिहून ठेवा. तोच तुमचा पाण्यातला कामाचा ॲपर्चर. साधारणपणे मायक्रो फोर थर्ड्सला ५.६ ते ८, एपीएस-सीला ८ ते ११, फुल फ्रेमला ११ ते १६ अशी उत्तरे येतात. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर तो डोमचा किंवा रिंगचा हिशेब. एकच बाजू मऊ असेल तर तुम्ही भिंतीला समांतर नव्हता, पुन्हा घ्या.

फिशआय असेल तर याच टाइल्सवर एक फार उपयोगाची गोष्ट बघून ठेवा. फ्रेमच्या बरोबर मधून जाणारी आडवी रेष सरळ राहते. ती वर सरकली की धनुष्यासारखी वर फुगते, खाली सरकली की खाली. क्षितिज कुठे ठेवायचे हे समुद्रावर गेल्यावर शिकण्यापेक्षा इथे डोळ्यांत बसवा. मग एखाद्या मुलाला समोर बोलवा आणि जवळ जाण्याचा सराव करा. आमच्याकडे प्रत्येक वेळी हाच संवाद होतो. “ताई, अजून किती जवळ?” “हात लांब केलास की डोमला लागेल इतकं.” त्या अंतरावर पोर पूर्ण फ्रेममध्ये मावते आणि मागे सगळा पूल दिसतो. तेच पोर दोन मीटर मागे गेले की ठिपका होते.

विहिरीतून वर

आमच्या जिल्ह्यात दगडी बांधणीच्या मोठ्या विहिरी अजून आहेत आणि फिशआयसाठी याहून सुंदर जागा मला माहीत नाही. पाण्याखालून सरळ वर पाहिले की वरचे अख्खे जग सुमारे ९७ अंशांच्या एका वर्तुळात गोळा झालेले दिसते. दोन मीटर खोलीवर असाल तर पाण्याच्या पृष्ठभागावर त्या वर्तुळाचा व्यास साधारण साडेचार मीटर भरतो. त्या वर्तुळात आभाळ, विहिरीचा काठ, पायऱ्या, वाकून बघणारी पोरे सगळी कडेने मांडून ठेवल्यासारखी येतात. वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात विहिरीचे काळे दगड दिसतात. १६ मिमीच्या साध्या वाइडमध्ये हे वर्तुळ वर-खाली कापले जाते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश देणाऱ्या फिशआयमध्ये ते उभ्या बाजूने जवळजवळ पूर्ण मावते, म्हणून कॅमेरा अगदी सरळ वर धरावा लागतो.

एक्सपोजर आभाळाचे घ्या, म्हणजे काठावरची माणसे काळ्या आकृत्या होतील. सूर्य फ्रेममध्ये असेल तर १/२५० च्या आसपास शटर ठेवा, नाहीतर त्याच्याभोवती पांढरा डाग पसरतो. विहिरीत ऊन थेट उतरते ते भर दुपारी. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा विहिरीला पाणी टिकून असेल तर उन्हाचे खांब तळापर्यंत पोहोचतात. पाण्याची स्वच्छता मात्र मी पावसाळ्यानंतर, गाळ खाली बसल्यावर, जास्त चांगली पाहिली आहे. उन्हाळ्यात पाणी हिरवट होते.

विहिरीत एकट्याने कधीही उतरू नका. काठावर पट्टीचा पोहणारा, हातात दोर. वापरात नसलेल्या विहिरीत विषारी हवा साचलेली असू शकते, तिथे फोटोचा विचारही नको. श्वास धरून खाली जायचे असेल तर आधी भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने दम वाढल्यासारखा वाटतो आणि वर येताना शुद्ध हरपू शकते. चांगल्या पोहणाऱ्यांचे जीव यात गेले आहेत. फोटो पुन्हा काढता येतो.

मालवणच्या पाण्यात

मालवणला व्हिजिबिलिटी चांगल्या दिवशीही अंदमानसारखी नसते. बरेच जण म्हणतात, अशा पाण्यात वाइड काय कामाची, काही दिसतच नाही. माझा अनुभव नेमका उलटा आहे. पाणी जितके गढूळ, तितकी फिशआयची गरज जास्त, कारण तिथे जवळ गेल्याशिवाय फोटोच होत नाही. दिसण्याचे अंतर जेवढे असेल त्याच्या एक तृतीयांशाच्या आत, जमल्यास एक पंचमांशाच्या आत विषय हवा. पाच मीटर दिसत असेल तर एका मीटरवर. कपारीतला गोबरा किंवा खडकावरचे सरगॅसमचे शेवाळ एक हातावर घ्या, मागे तुमचा जोडीदार पाणबुड्या लहानसा दिसू द्या. खोली आपोआप येते.

लाल रंग पाच मीटरच्या आसपास जवळजवळ संपतो. यात आडवे अंतरही धरायचे. तीन मीटर खोलीवर असलेल्या माशाचा फोटो चार मीटरवरून काढला तर प्रकाशाने सात मीटर पाणी कापलेले असते. स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशचा, रंग एक-दीड मीटरपर्यंतच पोहोचतो, म्हणून पुन्हा तेच, जवळ. फिशआयबरोबर स्ट्रोब डोमच्या बरेच मागे ओढा, त्यांचे दांडे बाजूला लांब करा आणि तोंड किंचित बाहेरच्या दिशेने वळवा. दोन स्ट्रोबच्या प्रकाशाच्या आतल्या कडा विषयावर पडायला हव्यात. डोम आणि विषय यांच्या मधल्या पाण्यात उजेड पडला की त्यातला गाळ पांढऱ्या ठिपक्यांनी चमकतो आणि ते ठिपके नंतर काढत बसावे लागतात. पार्श्वभूमीच्या पाण्याचा निळा-हिरवा रंग शटरने ठरवा. मी १/१२५ पासून सुरू करते आणि पाणी फिके दिसले तर वाढवते.

जवळ जाण्यात एक जबाबदारी असते. नजर डोमवर असताना फिन मागे प्रवाळाला लागतात. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले आहे, आणि तिथले खडक आपल्या फोटोपेक्षा जुने आहेत. आधी पाण्यात स्थिर तरंगायला शिका. प्रशिक्षक धरून नेतो त्या पहिल्या डाइव्हला कॅमेरा नेऊ नका.

सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी वर आणि खडक-मासे खाली, असा अर्धा-अर्धा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. त्याला मोठा डोम, एफ १६ आणि शांत पाणी लागते. फोकस पाण्याखालच्या भागावर करा, वरचा भाग ॲपर्चर सांभाळतो. पाण्याची रेष फ्रेमच्या मध्यावर ठेवली की तटही सरळ राहतो. डोमवर थेंब राहू नयेत म्हणून तो पूर्ण बुडवून वर काढा आणि ओला पापुद्रा फाटायच्या आत शटर दाबा. सकाळी सूर्य पाठीशी असेल अशी बाजू निवडा.

घरी आल्यावर

डाइव्हनंतर हाउसिंग न उघडता लगेच गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि सगळी बटणे दाबत राहा, म्हणजे आतले मीठ सुटेल. सोलापूरच्या उन्हाळ्यात डोम बंद गाडीत ठेवू नका. शेवटची धुलाई बोअरच्या पाण्याने करू नका. आमच्याकडचे क्षार डोमवर पांढरे डाग सोडतात आणि ते घासताना ॲक्रिलिक ओरखडते. शेवटची बुडी जारच्या किंवा आरओच्या पाण्यात द्या, मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्या, पुसू नका. ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) काढून तिच्यावर केस किंवा वाळूचा कण नाही ना हे बोटाने चाचपून पाहा, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि डोमवर कापडी कव्हर चढवून ठेवा.